लाल रंगाने राखलेली गावं : मेक्सिकोतल्या वाहाका प्रांताची कहाणी

रानभूल (धागाकर्ता)

मेक्सिकोचा विषय निघाला की अझ्टेक, माया आणि मग थेट फ्रिडा काहलो, एवढ्यावर आपल्याकडच्या गप्पा बहुधा आटोपतात. दक्षिणेकडच्या वाहाका प्रांताबद्दल मराठीत सविस्तर असं काही माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून हा धागा. (नकाशावर Oaxaca दिसेल, म्हणजे 'ओक्साका' नव्हे, वाहाका.) नोकरीनिमित्त मेक्सिको सिटीत असताना जोडून सुट्टी आली की मी रात्रीची बस धरून तिकडे जायचो. त्या प्रांताने मला एका प्रश्नाला लावून दिलं आणि त्यावर मी बरंच वाचत राहिलो.

प्रश्न असा. सगळ्या मेक्सिकोत स्वतःचा कारभार असलेल्या पालिका सुमारे २,४७० आहेत. त्यातल्या ५७० एकट्या वाहाकात! राज्याची लोकसंख्या ४१ लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. या ५७० पैकी ४१७ ठिकाणी स्थानिक निवडणुकीत राजकीय पक्ष नसतातच. गावसभा भरते, नावं पुकारली जातात, हात वर होतात आणि कारभारी ठरतात. राज्यात जवळपास बारा लाख माणसं आजही सापोतेक, मिश्तेक, मासातेक, चिनान्तेक, मिहे अशा मूळच्या भाषा बोलतात. तीनशे वर्षं स्पॅनिश राजवट होती, त्यानंतर गावांच्या सामाईक जमिनी मोडीत काढणारे कायदे आले. एवढं सगळं होऊन ही गावं उभी कशी राहिली?

माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं तरी उत्तर निवडुंगावरच्या एका किड्यात आहे. पण किड्याकडे यायच्या आधी थोडं मागे जाऊ.

वाहाका शहर तीन खोऱ्यांच्या संगमावर, साधारण १,५५० मीटर उंचीवर वसलंय. चहूकडे डोंगर. मितला गावाजवळच्या गिला नाकित्स गुहेत लावणीच्या भोपळ्याच्या बिया मिळाल्या, त्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या. तिथेच मक्याची सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची इवलीशी कणसं मिळाली. ही कणसं बोटाच्या पेरांएवढी आहेत, त्यावर एका माणसाचंही पोट भरणार नाही. तिथून आजच्या कणसापर्यंतचा सगळा पल्ला या मुलखातल्या शेतकऱ्यांनी बियाणं निवडून निवडून गाठला. युनेस्कोने २०१० मध्ये या गुहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास सापोतेकांनी खोऱ्याच्या मधोमध असलेल्या डोंगराचा माथा सपाट करून मोंते आल्बान वसवलं. खाली खोऱ्यात पाणी, वर चारशे मीटर चढ, तरी ते शहर हजारावर वर्षं नांदलं. तिथल्या सर्वांत जुन्या शिळांवर वेड्यावाकड्या अंगाच्या नग्न माणसांची चित्रं कोरली आहेत. आधी लोकांना ते नर्तक वाटले आणि 'दान्सान्तेस' हे नाव चिकटलं. आता बहुतेक अभ्यासक ते मारले गेलेले युद्धकैदी आहेत असं मानतात. मिटलेले डोळे आणि उघडं तोंड जवळून पाहिलं की मलाही तेच पटतं.

मोंते आल्बान ओसरल्यावर मिश्तेकांचा जोर वाढला. हरणाच्या कातड्यावर रंगवलेल्या, घडी घालायच्या पोथ्यांत त्यांनी राजघराण्यांच्या वंशावळी, लग्नं आणि लढाया मांडून ठेवल्या. 'आठ हरीण, वाघनखी' नावाचा राजा (१०६३ ते १११५) त्यांतला नायक. राजाचं नाव त्याच्या जन्मतिथीवरून पडायचं, म्हणून 'आठ हरीण'. त्याने किनाऱ्यावरचं तुतुतेपेक आणि डोंगरातलं तिलान्तोंगो एका हाताखाली आणलं आणि शेवटी तो बळी दिला गेला. त्याची कथा सांगणारी एक पोथी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९३२ मध्ये आल्फोन्सो कासो यांनी मोंते आल्बानच्या सातव्या थडग्यात सोनं, पिरोजा आणि कोरीव हाडं शोधली. थडगं जुनं सापोतेकांचं आणि आतला ऐवज नंतर आलेल्या मिश्तेकांच्या कारागिरीचा.

पंधराव्या शतकाच्या शेवटी अझ्टेकांनी इथे ठाणं बसवलं आणि खंडणी लावली. स्पॅनिश काळात तयार झालेल्या कोडेक्स मेंडोसा या चित्रपोथीत या खंडणीची चित्रं आहेत. सोनं, कापड, आणि त्यासोबत ठिपके-ठिपके काढलेली गाठोडी. ती गाठोडी कोचिनीलची. म्हणजे आपला किडा स्पॅनिश यायच्या आधीपासून मोलाचा होता.

आता किडा. नोपाल निवडुंगाच्या पानावर पांढऱ्या भुकटीआड बसलेली ही मादी. ती तिथेच रस शोषत बसते, हलत नाही. तिच्या अंगात कार्मिनिक आम्ल असतं, आणि जगातले सर्वांत टिकाऊ नैसर्गिक लाल रंग त्यापासून होतात. तेओतितलान देल व्हाये या विणकरांच्या गावात एका घरी मी हे काम पाहिलं. घरातल्या आजींनी वाळलेले किडे माझ्या हातावर ठेवले. राखाडी, चांदीसारखी झाक असलेले, मसूरडाळीहून लहान दाणे. मग त्यांनी ते मेतातेवर, म्हणजे आपल्या पाट्यासारख्या पण तीन पायांच्या दगडावर, वाटले. दोन रगड्यांत दगड गर्द किरमिजी झाला. चिमूटभर भुकटी तळहातावर पाण्यात कालवली, त्यावर लिंबू पिळलं आणि रंग शेंदरी झाला. दुसऱ्या तळहातावर चिमूटभर चुना टाकला, तो जांभळा. लोकरीला आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घेतात, त्याशिवाय रंग धरत नाही. आजी मधेच सुनेला सापोतेकमध्ये काहीतरी सांगत होत्या, माझ्याशी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, आणि हात थांबत नव्हते.

एक पौंड रंगाला साधारण सत्तर हजार किडे लागतात. निवडुंगाची पानं लावायची, त्यावर पिल्लं देणाऱ्या माद्या छोट्या घरट्यांत घालून अडकवायच्या, पाऊस आणि थंडीपासून जपायचं, कोंबड्या आणि दुसरे किडे हाकलायचे, आणि तीनेक महिन्यांनी एकेक मादी मऊ कुंचल्याने झाडून घ्यायची. १७७७ मधल्या एका प्रसिद्ध चित्रात एक शेतकरी हरणाच्या शेपटीने किडे झाडताना दिसतो. मग ते गरम पाण्यात, भट्टीत किंवा उन्हात मारून वाळवायचे.

हे सगळं काम चिकाटीचं, आणि ते मोठ्या मळ्यावर मुकादम ठेवून होत नाही. स्पॅनिश जमीनदारांनी तसे प्रयत्न केले, ते परवडले नाहीत. ऊस मळ्यावर होतो, चांदी खाणीतून निघते, तिथे जमीन आणि माणसं ताब्यात घ्यावीच लागतात. कोचिनील मात्र परसातल्या वीस-पंचवीस झाडांवर, घरातल्या बायका-मुलांच्या हातांनी सर्वांत चांगलं होत होतं. स्पेनला रंग हवा होता, आणि रंगासाठी गाव गावच राहायला हवं होतं. माझ्या म्हणण्याचा गाभा एवढाच आहे.

हा रंग किती मोठा होता? वसाहतकाळात मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीनंतर दुसरा नंबर कोचिनीलचा. १७७४ मध्ये वाहाकात पंधरा लाख पौंडांहून जास्त माल नोंदला गेला. व्हेनिसचं मखमल, कार्डिनलांचे झगे, ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांचे लाल कोट, सगळ्यांना हाच रंग. जिवंत किडा बाहेर नेण्यावर कडक बंदी होती आणि युरोपात हे बी आहे की कीड आहे यावर कित्येक वर्षं वाद चालला. १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हिय नावाचा फ्रेंच माणूस वनस्पती शोधायच्या नावाखाली वाहाकात शिरला, किडे लागलेली पानं पेटीत लपवून घेऊन गेला आणि आजच्या हैतीत त्याने ती लावली.

आणि पैसा? तो सगळा गावाला मिळाला असं मी मुळीच म्हणणार नाही. आल्काल्दे मायोर हा स्पॅनिश अधिकारी शहरातल्या व्यापाऱ्याकडून भांडवल घ्यायचा आणि गावोगाव आगाऊ रक्कम वाटायचा, पौंडामागे साधारण १२ रेआल (स्पॅनिश चांदीची नाणी). हंगामात माल त्यालाच द्यायचा. बाजारभाव कधी तीस रेआलवर असला तरी गावाच्या हाती बाराच. या पद्धतीला रेपार्तिमिएन्तो म्हणत. तरीही थोडाफार पैसा गावात राहत होता आणि गावाने तो कशावर घातला ते पाहण्यासारखं आहे. चर्च बांधलं, सण केले, आणि वकील लावले! शेजारच्या गावाशी, जमीनदाराशी, मठाशी जमिनीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या लढले. कापडावर गावाच्या सीमा रंगवून ते कोर्टात पुरावा म्हणून ठेवले. वसाहतीच्या शेवटीसुद्धा खोऱ्यातली सुमारे दोन तृतीयांश शेतजमीन मूळच्या गावांच्याच हातात होती. मध्य आणि उत्तर मेक्सिकोच्या मानाने हे फार वेगळं आहे.

पुढे किडा आधी ग्वातेमालात आणि मग कॅनरी बेटांवर गेला. १८५६ नंतर कारखान्यातले रंग आले आणि १८७० च्या दशकात वाहाकाचा हा धंदा बसला. पण तोपर्यंत गावांना आपली सभा, आपली सीमा आणि आपली दप्तरं सांभाळायची तीन शतकांची सवय झालेली होती.

तुम्हाला काय वाटतं? वाहाका पाहिलेल्यांनी, वाचलेल्यांनी लिहा.

---

जुनंखोड

रानभूल, लेख आवडला, मेतातेवरचा रंग डोळ्यांसमोर आला. पण 'निम्मं उत्तर किड्यात' हे मला मान्य नाही.

पहिलं कारण डोंगर. वाहाकात सपाट जमीन अशी मुळात थोडीच आहे. सिएरा नोर्तेच्या उतारांवर घोडेस्वार जमीनदाराने करायचं काय? दुसरं, मोठ्या चांदीच्या खाणी नव्हत्या, त्यामुळे खाणीसाठी माणसं उठवून नेण्याची वेळ उत्तरेइतकी आली नाही. तिसरं म्हणजे साथी, आणि त्या तुम्ही एका वाक्यानेही सांगितल्या नाहीत. १५२० च्या सुमारास खोऱ्यात साडेतीन लाख माणसं असावीत असा अंदाज आहे. देवी, गोवर आणि इतर साथींत शंभरेक वर्षांत ती पन्नास हजारांच्या आत आली. सातातली सहा माणसं गेली. मागे राहिलेल्यांना जमीन पुरली, त्यातही रंगापेक्षा रिकाम्या शेतांचा वाटा मोठा असणार.

शेजारच्या चियापास राज्यात कोचिनीलचं एवढं प्रस्थ नव्हतं, तिथेही मूळ भाषा टिकल्याच की.

आणि रेपार्तिमिएन्तोचा हिशेब तुम्ही फार सौम्यपणे मांडलात. १६६० मध्ये वाहाकातल्याच तेहुआन्तेपेकला लोकांनी आल्काल्दे मायोर हुआन दे आव्हेयानला ठार केलं ना! तो सूती कापडाचा ठरलेला वाटा गावांकडून वसूल करायचा, कमी भरला तर फटके मारायचा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी गावकरी कचेरीवर चालून गेले. त्या दिवशीच्या कागदपत्रांत दगड उचललेल्या बायकांचा उल्लेख वारंवार येतो. जवळपास वर्षभर त्या गावांनी स्वतःचा गव्हर्नर नेमून कारभार केला आणि १६६१ मध्ये म्होरक्यांना भयंकर शिक्षा झाल्या. 'थोडाफार पैसा गावात राहत होता' हे वाक्य त्या फटक्यांच्या शेजारी ठेवून वाचावं लागेल.

---

रानभूल

जुनंखोड, तेहुआन्तेपेकचं उदाहरण दिलंत हे फार चांगलं केलंत. मी ते मुख्य लेखात घेतलं नाही कारण तिथला वाद कापडाचा होता, पण जबरदस्ती तीच. रेपार्तिमिएन्तो ही सक्ती होती की बिनतारण कर्ज, यावर इतिहासकारांत अजून जुंपलेली आहे. कर्जाच्या बाजूचे म्हणतात की गरीब शेतकऱ्याला हंगामाआधी पैसे देणारं दुसरं कोणी नव्हतं आणि बुडीत खातीही बरीच असत. १७८६ मध्ये स्पेनने ही पद्धत बंद केली, त्यानंतर उत्पादन पूर्वीच्या उंचीवर गेलं नाही. याचा अर्थ 'सक्ती गेल्यावर लोकांनी काम सोडलं' असाही लावता येतो आणि 'भांडवल आटलं' असाही. १७८५-८६ चा दुष्काळही त्यात आहे. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. ज्या गावाला पैसे नको होते त्याच्या दारात ते टाकून येणारे अधिकारी होते, आणि ज्याला बैलजोडी घ्यायची होती त्याने ते स्वतः मागूनही घेतले.

डोंगराचं म्हणणं सिएराला लागू आहे. पण मी म्हणतोय ती दोन तृतीयांश जमीन डोंगरातली नाही, खोऱ्यातली आहे. सपाट, पाण्याची, शहराला लागून. तीसुद्धा गावांकडे राहिली. ते कोडं डोंगराने सुटत नाही.

साथींबद्दल तुमचं पूर्ण बरोबर. ती माणसं मेली नसती तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं.

---

माळरानी

मी कृषी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी होते, म्हणून या किड्याचा भारताशी आलेला संबंध सांगते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला स्पेनची मक्तेदारी मोडायची होती. मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी निवडुंगाची बागच तयार केली. १७९५ मध्ये ब्राझीलकडून येणाऱ्या जहाजातून कॅप्टन नीलसन यांनी किडे आणले. पण ते वाहाकाचे पाळीव किडे नव्हते, त्यांचे रानटी जातभाई होते. रंग हलका निघाला, धंदा काही जमला नाही. उलट या किड्यांनी आपल्याकडे माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. कीटक सोडून तण आटोक्यात आणण्याचं जगातलं हे सर्वांत जुनं उदाहरण म्हणून आम्हाला शिकवलं गेलं. पुढे १९२६ मध्ये सिलोनमधून दुसऱ्या जातीचा किडा मुद्दाम आणून दक्षिण भारतात सोडला आणि हजारो एकर फड्या निवडुंग साफ झाला.

फड्या निवडुंग आपल्या बांधांवर इतका रुळलाय की तो मूळचा अमेरिका खंडातला असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही.

एक तांत्रिक भर. वाहाकाचा किडा हा शतकानुशतकं माणसाने निवडून मोठा केलेला आहे. रानटी जातींपेक्षा तो आकाराने जवळपास दुप्पट, अंगावरचा कापूस कमी आणि रंग कितीतरी जास्त. निवाऱ्याशिवाय तो पावसात टिकत नाही. मळ्यावर तो का होत नव्हता याचं हेही एक कारण आहे. मक्यासारखाच हाही त्या शेतकऱ्यांनी घडवलेला जीव, याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं.

---

रानभूल

माळरानीताई, मद्रासचं मला थोडं माहीत होतं, १९२६ चं अजिबात नव्हतं. मनापासून आभार.

---

कोकणकडा

बेनितो हुआरेस यांचं नावही नाही? वाहाकाबद्दलच्या धाग्यात?

१८०६ मध्ये ग्वेलाताओ या सापोतेक खेड्यात जन्म, तिसऱ्या वर्षी आईबाप गेले, बाराव्या वर्षापर्यंत स्पॅनिश येत नव्हतं. मेंढरं राखणारा हा मुलगा १८१८ मध्ये डोंगर उतरून चालत शहरात आला, कारण बहीण तिथे एका घरी स्वयंपाकाला होती. पुढे वकील, वाहाकाचा गव्हर्नर, सरन्यायाधीश आणि १८५८ ते १८७२ देशाचा राष्ट्राध्यक्ष. फ्रेंचांनी आणून बसवलेल्या सम्राट मॅक्सिमिलियनला त्यांनी हरवलं. एखाद्या देशात मूळनिवासी माणूस त्या काळात या पदाला पोचावा, हे अमेरिका खंडात कुठे सापडतं?

---

जुनंखोड

कोकणकडा, हुआरेस मोठे होतेच. पण गावांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं माप वेगळं भरतं. ते गव्हर्नर असताना हुचितानच्या लोकांनी आपल्या परंपरागत मिठागरांवरचा खाजगी ताबा मानला नाही. १८५० मध्ये सरकारी फौज तिथे गेली आणि गावाचा मोठा भाग जळाला. हुचितानमध्ये ही आठवण आजही कडू आहे. आणि १८५६ चा लेर्दो कायदा हा त्यांच्याच उदारमतवादी पक्षाचा. चर्चच्या जमिनी काढून घ्यायच्या म्हणून केला, पण त्यात गावांच्या सामाईक जमिनीही आल्या. स्वतः सामाईक जमिनीच्या गावात वाढलेल्या माणसाच्या पक्षाने हे केलं याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांच्यानंतरचा पोर्फिरिओ दियासही वाहाकाचाच. १८७६ ते १९११ एवढा काळ सत्ता धरून बसलेला. त्याने तेहुआन्तेपेकच्या चिंचोळ्या पट्टीतून दोन महासागर जोडणारी रेल्वे १९०७ मध्ये पूर्णपणे चालू केली. सात वर्षांत पनामाचा कालवा उघडला आणि तिची वाहतूक गेली. आता त्याच पट्टीत ती रेल्वे पुन्हा उभी केली गेली आहे.

---

रानभूल

हुआरेसवर स्वतंत्र धागाच हवा, कोकणकडा. तुम्ही काढा, मी येतो.

लेर्दो कायद्याचं वाहाकात काय झालं हेही पाहण्यासारखं आहे. बऱ्याच गावांनी जमीन कागदोपत्री गावकऱ्यांच्या नावांवर वाटली आणि व्यवहारात सभेचाच शब्द चालू ठेवला. कायदा पाळला आणि गावही राखलं. वकिली डावपेच त्यांच्या अंगवळणी होतेच.

---

रेवा

मी लॉस एंजेलिसला राहते. इथे वाहाकाचे सापोतेक इतके आहेत की आमच्या भागात रविवारी सकाळी ब्रासबँडचा सराव ऐकू येतो. सिएरातल्या प्रत्येक गावाचा बँड असतो, मुलं पाढ्यांच्या वयात स्वरलेखन शिकतात. इथे जन्मलेली मुलंही आजोबांच्या गावाच्या नावाने वाजवतात.

माझ्याबरोबर काम करणारा एकजण मधेच वर्षभराची रजा घेऊन गावी गेला. मला वाटलं घरी कोणी आजारी असेल. नाही, सभेने त्याला गावाच्या पाणीसमितीवर नेमलं होतं. पगार शून्य. नाही गेलात तर गावातला हक्क कमी होतो, काही ठिकाणी दंड, काही ठिकाणी बदली माणसाला पैसे देऊन पाठवता येतं. त्याने आधी पोरवयात तोपिल म्हणून, म्हणजे निरोप पोचवणं आणि राखण करणं, अशी सेवा केलेली. हळूहळू चढत जायचं, म्हातारपणी अध्यक्ष. शिवाय तेकिओ, म्हणजे रस्ता, शाळा, पाइपलाइन यासाठी सगळ्यांनी मिळून करायचं बिनमोल काम. जो अमेरिकेतून हात लावू शकत नाही तो त्या दिवसाचे पैसे पाठवतो. तो हे सांगताना कुरकुरत नव्हता, पण वर्षभराचं घरभाडं बायकोने कसं भरलं तेही त्याने सांगितलं.

आता माझा प्रश्न. सभेत वर होणारे हात कोणाचे? २००७ मध्ये सान्ता मारिया किएगोलानी या गावात एउफ्रोसिना क्रूस निवडणुकीला उभ्या राहिल्या तर बाई म्हणून त्यांची मतं रद्द केली होती. धाग्यात गावसभेचं कौतुक वाचताना मला सारखं तेच आठवत होतं.

---

रानभूल

रेवाताई, हा प्रश्न टाळून वाहाकाबद्दल लिहिताच येणार नाही. १९९५ मध्ये राज्याच्या कायद्याने या पद्धतीच्या निवडणुकांना मान्यता दिली तेव्हा सभेत कोण बसणार हे गावांवर सोडलं. अनेक ठिकाणी सभासद म्हणजे कुटुंबप्रमुख पुरुष, बाई आली तर विधवा म्हणून. एउफ्रोसिना क्रूस यांनी गप्प न बसता तो विषय देशभर नेला, पुढे त्या राज्याच्या विधिमंडळात गेल्या आणि बायकांच्या मतदानाचा आणि उभं राहण्याचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिला गेला. आज कारभारी मंडळात बायका घ्याव्याच लागतात. काही गावांत त्या खरंच निर्णय घेतात, काही ठिकाणी नावापुरत्या.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की सभा बदलण्यासाठी झगडणाऱ्या बहुतेक बायकांना सभा मोडायची नव्हती. पक्ष आले की पैसे आणि भांडणं येतात, हे त्याही सांगतात. मिहे प्रदेशातले फ्लोरिबेर्तो दियास आणि ग्वेलाताओचे हाइमे मार्तिनेस लूना यांनी या जगण्याला 'कोमुनालिदाद' असं नाव देऊन त्याचा विचार मांडला. जमीन, सभा, सेवा, सामाईक काम आणि सण हे त्याचे आधार. यात बाईचा वाटा किती हा वाद आता त्यांच्या आतच चालू आहे, आणि तो त्यांनीच सोडवावा.

---

अबोली

फार सुंदर धागा. ग्वेलागेत्सा उत्सवाबद्दल वाचलं होतं, जुलैमधले दोन सोमवार आणि डोंगरावर नाच. तो खराच प्राचीन आहे का? आणि तेओतितलानच्या सतरंज्या घ्यायच्या तर रंग खरा की रासायनिक हे कसं ओळखायचं? जांभळा रंग गोगलगायीपासून काढतात असंही कुठेतरी वाचलं, तेही खरं का?

---

रानभूल

अबोली, मंचावरचा उत्सव १९३२ चा. १९३१ च्या जानेवारीत भूकंपाने शहर मोडलं होतं. दुसऱ्या वर्षी शहराला चारशे वर्षं होत होती, तेव्हा लोकांना उभारी यावी म्हणून सगळ्या भागांतल्या लोकांना बोलावून मोठा सोहळा केला, त्यातून आजचा उत्सव वाढला. त्या सोमवारांना आधीपासून डोंगरावर जत्रा भरत होती. पण खरी ग्वेलागेत्सा गावात रोज चालते. लग्नाला शेजाऱ्याने दोन टर्की आणि इतकं कोको दिलं की ते वहीत लिहून ठेवायचं आणि त्याच्या घरच्या कार्याला तेवढंच परत करायचं. पिढी गेली तरी वही राहते. तिकिटाचा कार्यक्रम चुकला तरी चालेल, एखाद्या गावचं लग्न चुकवू नका.

सतरंजीचं म्हणाल तर नुसतं पाहून मलाही खात्रीने सांगता येणार नाही. विणकराच्या घरी जा, रंगाची भांडी आणि वाळत घातलेली लोकर दाखवा म्हणा. खऱ्या कोचिनीलची सतरंजी महाग असते कारण किडाच महाग आहे, आणि आज जगातलं बहुतेक कोचिनील पेरूतून येतं. वाहाकात काही घरांनी नोपालच्या बागा पुन्हा लावल्या आहेत. निळा रंग तेहुआन्तेपेकच्या पट्टीतल्या निल्तेपेकच्या नीळीचा असला तर दुधात साखर. भाव करताना विणायला गेलेले महिने मात्र लक्षात ठेवा.

गोगलगायीचं खरं आहे, आणि ते मी पिनोतेपा दे दोन लुइस या मिश्तेक गावातल्या रंगाऱ्यांकडून ऐकलंय. हिवाळ्याच्या महिन्यांत ते हुआतुल्कोकडच्या खडकाळ किनाऱ्यावर जातात, ओहोटीला खडकावरची गोगलगाय काढतात, तिच्यावर फुंकर मारली किंवा तिला दाबलं की ती जरासं दूध सोडते, ते थेट सुताच्या लडीवर घेतात आणि तिला पुन्हा ओल्या, सावलीतल्या खडकावर ठेवतात. सूत आधी पिवळट, मग हिरवं आणि उन्हात जांभळं. १९८० च्या दशकात एका परदेशी कंपनीला हा रंग काढायची मुभा मिळाली होती. तिच्या माणसांनी गोगलगायींना सावरायला वेळच दिला नाही आणि त्या भराभर मेल्या. रंगाऱ्यांनी तक्रारी केल्या, अभ्यासकांनी साथ दिली आणि १९८८ मध्ये सरकारने ही गोगलगाय संरक्षित केली. दूध काढायची परवानगी आता परंपरेने हे काम करणाऱ्यांनाच आहे. पण खाण्यासाठी चोरून पकडणारे थांबलेले नाहीत, आणि रंगारी मोजकेच उरलेत. एकेका लडीसाठी पूर्वी लागायच्या त्यापेक्षा कितीतरी जास्त खडक आता पालथे घालावे लागतात.